फुलपाखरं हवी असतील तर कढीपत्त्यावरच्या अळ्या राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. मुळशीच्या बाजूला पाच गुंठ्यांचा प्लॉट, घर बांधून झालंय, आता भोवती बाग करायचीय, मुलीला फुलपाखरं आणि पक्षी बघायचेत, सासूबाईंना सापांची भीती वाटते, माळीदादा म्हणतायत सगळीकडे लॉन टाकू आणि दर पंधरा दिवसांनी फवारणी करू, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय की कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या पडल्यात त्यावर काय मारू. मी बावीस वर्षं पुणे, मुळशी, भोर, वेल्हा या पट्ट्यात बागा करतोय. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

काहीही मारू नका. कढीपत्त्यावरच्या त्या हिरव्या अळ्या म्हणजे बहुतेक लिंबाच्या फुलपाखराच्या किंवा मॉरमॉन नावाच्या फुलपाखराच्या आहेत, म्हणजे मुलीला जे बघायचंय ते तुमच्या दारात आधीच येऊन बसलंय. नीट जवळून बघा. कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं दिसेल. त्यातून निघालेली लहान अळी तपकिरी-काळी आणि मधे पांढरा पट्टा, अगदी पक्ष्याची शिट पडल्यासारखी, म्हणून पक्षी तिकडे ढुंकून बघत नाही. मोठी झाली की शेवटची कात टाकते आणि एकदम पोपटी हिरवी होते, तेव्हाच आपल्याला दिसते आणि आपण म्हणतो "अळ्या पडल्या", पण त्या आधीपासूनच तिथे असतात. हिला काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर काढते आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडते. मुलीला एकदा दाखवा, एकदाच, सारखं डिवचू नका.

झाड मरेल ही भीती असेल तर ते मरत नाही. तीन-चार फुटांचा कढीपत्ता अळ्यांनी अर्धा खाल्ला तरी काही आठवड्यांत नवीन फूट घेतो. मी सगळ्यांना एकच सांगतो की कढीपत्त्याची दोन झाडं ठेवा, एक फोडणीचं आणि एक त्यांचं. फोडणीच्या झाडावर अळी दिसली की तिला हात न लावता पानासकट खुडून दुसऱ्या झाडावर ठेवायची, ती आपोआप नव्या पानावर जाते. लिंबू, बेल, पपनस यांच्यावरही हीच मंडळी येतात. आणि तुमच्या भागात, सह्याद्रीच्या इतकं जवळ, लिंबाच्या कुळातली झाडं असली तर नीलवंत येण्याचीही चांगली शक्यता आहे. तळहाताएवढं काळं मखमली फुलपाखरू आणि मागच्या पंखांवर निळा रंग, २०१५ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं ते. त्याची अळी पण लिंबू आणि माकडलिंबू यांच्या पानांवरच वाढते.

आता तुम्ही लिहिलंय की झिनिया, घाणेरी, पेंटास सगळं लावलं तरी फुलपाखरं येतात आणि निघून जातात. बरोबरच आहे ना, फुलावर ती फक्त मध प्यायला येतात. म्हणजे हॉटेलात चहा प्यायला थांबल्यासारखं. बिऱ्हाड करायचं तर पिल्लांना खायला लागतं, आणि फुलपाखरांच्या पिल्लांना पानंच लागतात, तीही ठरावीक झाडाचीच, दुसऱ्या झाडावर अळी उपाशी मरेल पण खाणार नाही. म्हणून बागेचा विचार फुलांपासून करू नका, पानांपासून करा. रुईवर प्लेन टायगर येतो, म्हणजे केशरी पंखांवाला, काळ्या-पांढऱ्या टोकांचा. बहावा, तरवड आणि पावसात आपोआप उगवणारा टाकळा यांच्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट येतात. सोनचाफ्यावर आणि तो सोसायट्यांमधला उभा अशोक असतो त्याच्यावर टेल्ड जे. आंब्याच्या पानावर बॅरनची अळी असते, पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की नाकासमोर असली तरी सापडत नाही, मला स्वतःला पहिली सापडायला काही वर्षं लागली. एरंडावर कॅस्टर. कण्हेरीवर क्रो, त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. कोरांटीवर ब्लू पॅन्सी. घोळाची भाजी आहे ना, जी आपण तण म्हणून उपटतो, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय. आणि कुंडीत पानफुटी लावा, तिच्यावर रेड पिएरो नावाचं छोटं काळं-पांढरं-केशरी फुलपाखरू येतं, त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, पान उजेडात धरलं तर आत पारदर्शक चट्टा आणि काळ्या कणांसारखी विष्ठा दिसते. बाल्कनीवाल्यांनाही हे सहज जमतं.

बांडगूळ! हे सांगायला हवं, कारण प्लॉटवर जुना आंबा आहे असं तुम्ही लिहिलंय आणि माळीदादा त्यावरचं सगळं बांडगूळ काढायचं म्हणतायत. सगळं काढू नका, एखाद्या फांदीवरचं राहू द्या. झाडावर फार पसरलं तर झाडाची ताकद जाते हे खरं, तेव्हा कमी करायलाच हवं. पण हळदीकुंकू नावाचं जे फुलपाखरू आहे, मागच्या पंखावर हळद आणि कुंकवाची बोटं उमटवल्यासारखं, त्याची पिल्लं बांडगुळावरच वाढतात. आणि फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो, तिथे नवीन बांडगूळ उगवतं. हे चक्र एका आंब्यावर तुम्हाला घरबसल्या बघायला मिळेल.

आता पक्षी. लोक दाणे टाकतात, मी टाकू नका म्हणतो. दाण्यांवर कबुतरं जमतात आणि रात्री उंदीर, आणि उंदीर आले की त्यांच्यामागे साप, म्हणजे सासूबाईंचा प्रश्न आपणच वाढवतो. शेव, भात, बिस्किटं तर अजिबात नको. पक्ष्यांना खरं तर किडे हवे असतात. चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षी सुद्धा पिल्लं अगदी लहान असताना त्यांना अळ्या आणि किडेच भरवतात. शिंपी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, सगळ्यांचं तेच. म्हणजे जिथे दर पंधरा दिवसांनी फवारणी होते तिथे भले शंभर फुलझाडं असू दे, पिल्लं जगत नाहीत. म्हणून माळीदादांना पहिलं हे सांगा की पंधरा दिवसांची फवारणी बंद. त्यांना वाईट वाटेल, कारण त्यांनी शिकलेलं कामच ते आहे, तेव्हा रागावू नका, त्यांना शेजारी बसवून ढालकिड्याची अळी दाखवा.

ही ढालकिड्याची गोष्ट जरा थांबून सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा, लेडीबर्ड, सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी कुणी ओळखत नाही. काळपट, लांबुळकी, पाठीवर नारिंगी ठिपके, छोट्या मगरीसारखी, आणि ती जास्वंदीच्या शेंड्यावर मावा जिथे असतो तिथेच सापडते, त्यामुळे लोकांना वाटतं हीच कीड आहे आणि पहिली तिलाच चिरडतात. ती तिथे मावा खायलाच आलेली असते, आणि शेकड्याने खाते. दुसरा प्रकार अजून फसवा. पिठ्या ढेकूण, ते पांढरं कापसासारखं असतं ना, ते खाणारा एक भुंगेरा आहे, क्रिप्टोलिमस, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झालरी अंगावर घेऊन फिरते, हुबेहूब मोठा पिठ्या ढेकूण वाटते. ओळखायची खूण म्हणजे ती आकाराने मोठी असते, झालरी लांब असतात आणि काडी लावली की तुरुतुरु चालायला लागते. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही.

तुम्ही म्हणाल असं किडे किड्यांना खाऊन भागतं का. पपईचं उदाहरण देतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला, मग महाराष्ट्रातही पसरला, पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या, लोकांनी नाही नाही ती औषधं मारली, फरक पडला नाही. २०१० मध्ये शेतीतल्या किड्यांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणले, अगदी डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या गांधीलमाशीच्या जातीचे, ते सोडले आणि त्यांनी ही कीड आटोक्यात आणली. शेताच्या पातळीवर जे जमलं ते पाच गुंठ्यांत का नाही जमणार. फक्त वेळ द्यावा लागतो. मावा आला की मित्रकिडे, म्हणजे कीड खाणारे किडे, यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि लोक नेमके दहाव्या दिवशी फवारा उचलतात, त्यात मावाही मरतो आणि नुकते आलेले मित्रकिडेही मरतात, मग मावा लवकर परत येतो, ते येत नाहीत. फारच झालं तर पाण्याचा जोरात फवारा मारून मावा धुवून टाका, शेंडा खुडा. निंबोळी तेल सुद्धा सरसकट मारायचं नाही. ते सेंद्रिय आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नाही, अळ्यांवर त्याचा परिणाम होतोच. मारायचंच तर जिथे कीड आहे तेवढ्याच फांदीवर, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर, फुलं सोडून.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो. एका घरी मी मोठ्या हौसेने फुलपाखरांसाठी लिंबाची आणि कण्हेरीची तयार झाडं लावली, नर्सरीतून आणलेली, चकचकीत, एका पानाला भोक नाही. अंडी घातली गेली, अळ्या निघाल्या आणि तीन-चार दिवसांत काळ्या पडून मेल्या. पुन्हा अंडी, पुन्हा तेच. मग लक्षात आलं की रोपांना नर्सरीत आंतरप्रवाही औषध दिलेलं होतं, इमिडाक्लोप्रिडसारखं, जे मुळातून झाडभर फिरतं, पानात, फुलात, मधात सुद्धा. युरोपात या गटातली तीन औषधं २०१८ पासून उघड्यावर वापरायला बंदी आहे, मुख्यतः मधमाश्यांसाठी. तेव्हापासून मी यजमान झाडं, म्हणजे अळ्या ज्यांची पानं खातात ती, शक्यतो बियांपासून किंवा फांदीपासून स्वतः करतो, आणि विकत आणलीच तर आधी विचारतो काय मारलंय. एखाद-दुसरं पान खाल्लेलं रोप दिसलं तर तेच उचलतो. तुम्हीही तसंच करा, भोकवालं पान म्हणजे त्या झाडावर कुणीतरी जगलंय.

लॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुलीला खेळायला, संध्याकाळी खुर्च्या टाकायला अर्धा-पाऊण गुंठा लॉन ठेवा, बास. पाच गुंठे म्हणजे साधारण साडेपाच हजार चौरस फूट, त्यात घर जाऊन जे उरतं ते सगळं मेक्सिकन गवताखाली घातलं तर त्याला पाणी, खत, तणनाशक सगळं लागणार आणि त्यावर जगणार जवळजवळ कुणीच नाही. त्याऐवजी मागचा एखादा गुंठा पावसाळ्यात मोकळा सोडा. मुळशीचा पाऊस आहे, काहीही लावायची गरज नाही, टाकळा, केना, तेरडा आपोआप उगवतील, गवताला तुरे येतील तेव्हा मुनिया येतील थव्याने आणि तुऱ्यावर लोंबकळून बी खातील. दिवाळीनंतर गवत वाळलं की एकदा कापायचं. फक्त गाजर गवत आणि रानमोडी फुलं यायच्या आत उपटा, ती राहू द्यायची नाहीत. गाजर गवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात, आणि आज कुठे नाही ते विचारा. त्याच्या पानावर पांढरट पाठीवर काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मेक्सिकन भुंगेरे गाजर गवत खाण्यासाठीच १९८४ पासून आपल्याकडे सोडलेले आहेत. आणि घाणेरीला फुलपाखरं येतात हे मान्य, पण तिची फळं पक्षी खातात आणि बी डोंगरात जातं, तिथे ती काय करते ते तुम्ही ट्रेकला गेलात तर बघितलंच असेल. म्हणून ती काढा आणि तिच्याजागी धायटी लावा, हिवाळ्याच्या शेवटी फांद्या लाल होतात आणि शिंजीर दिवसभर तिथून हलत नाहीत.

कुंपणाला आर्किटेक्टने कॉनोकार्पस सुचवलंय ते मात्र कृपा करून लावू नका. झपाट्याने वाढतं म्हणून सगळे लावतात, पण त्यावर आपल्याकडचे किडे-पक्षी जगत नाहीत आणि गुजरात सरकारने तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. करवंद, निर्गुडी, अडुळसा, मधे मधे कोरांटी असं मिश्र कुंपण करा. दोन पावसाळे गेले की माणूस आत शिरणार नाही इतकं दाट होतं, बुलबुलाला घरटं करायला काटे मिळतात, एप्रिल-मे मध्ये मुलीला करवंदं मिळतात, अडुळशाच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. मोठं झाड एकच लावायला जागा असेल तर मी डोळे मिटून उंबर सांगेन, फक्त घर, विहीर आणि पाण्याची टाकी यांच्यापासून निदान तीस फूट लांब. उंबराच्या फळांवर हरियाल येतील, आपला राज्य पक्षी, तांबट येतील, रात्री वटवाघळं येतील. उंबर फोडलं की केंबरं उडतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण ती केंबरंच उंबराचं परागीभवन करतात, ती नसतील तर उंबराला बी धरणारच नाही.

आणि वाळलेली फांदी. घरावर किंवा रस्त्यावर पडणार असेल तर काढाच, पण नाहीतर राहू द्या. शेवग्याची, पांगाऱ्याची मऊ वाळकी फांदी असली की तांबट त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, गोल, कंपासने काढल्यासारखं भोक पाडतो आणि आत पिल्लं काढतो. तुमचा शेवगा आहे तो छाटताना एक जाड खुंट ठेवा. छाटणीचं म्हणाल तर झुडपांची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीतच करा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुणा ना कुणाचं घरटं असतं, शिंप्याचं तर दिसतच नाही, तो दोन-तीन पानांच्या कडांना भोकं पाडून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पिशवी शिवतो, बाहेरून फक्त एक जरा वाकडं पान दिसतं, कात्री चालली की कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. पिल्लू खाली पडलेलं सापडलं आणि त्याला पिसं आलेली असतील तर ते उडायला शिकतंय, उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि आत जा, आईबाप येतात. माणसाचा हात लागला की टाकून देतात हे खरं नाही.

आता सासूबाईंचा विषय, आणि हा मी हलक्यात घेत नाही. मुळशीत भातखाचरांच्या शेजारी घर आहे म्हणजे साप आहेतच, लॉन केलं तरी आहेत आणि भिंत बांधली तरी आहेत. बहुतेक दिसणारे साप बिनविषारी असतात, धामण, नानेटी, तस्कर, कवड्या. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांना गृहीत धरूनच बागेची आखणी करायची. माझी पद्धत अशी की घराभोवती सहा फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा, फरशी किंवा बारीक खडी, तिथे कुंड्यांची गर्दी नाही, लाकडं नाहीत, खिडकीवर चढलेले वेल नाहीत. पालापाचोळा, ओंडक्यांचा ढीग, दगडांची रास हे सगळं मी करायला सांगणारच आहे, पण ते घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. दरवाज्याखालची फट रबरी पट्टीने बंद, ड्रेनेजच्या तोंडांना बारीक जाळी, कुत्र्याचं खाणं रात्री बाहेर ठेवायचं नाही, त्याने उंदीर येतात आणि तुमच्या भागात बिबट्याचाही विचार करावा लागतो. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय आणि बुटांशिवाय बागेत पाऊल नाही, पाला उचलताना आधी काठीने सरकवायचा, हात घालायचा नाही. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना होतात, म्हणून पावसाळ्यात कुणी जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असावी. कवड्या आणि मण्यार यात भल्याभल्यांची गल्लत होते, तेव्हा ओळखायचा प्रयत्न करायचाच नाही, लांबून लक्ष ठेवायचं आणि वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करायचा किंवा तुमच्या गावातल्या सर्पमित्राचा नंबर आधीच भिंतीवर लावून ठेवायचा. मारायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. गंधक, फिनेल, कार्बोलिक अॅसिड, सर्पगंधेचं रोप, यातल्या कशानेही साप थांबत नाही, यावर पैसे घालवू नका आणि त्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला शांत ठेवायचं, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ किंवा मिळेल त्या गाडीने सरळ हॉस्पिटल. आपल्याकडची सापाच्या विषावरची लस या चारही सापांवर चालते, म्हणून साप पकडून न्यायची गरज नाही. कुठल्या सरकारी दवाखान्यात लस ठेवलेली असते हे आजच विचारून ठेवा, गरज पडेल त्या रात्री नाही. सासूबाईंना हे सगळं सांगा, माझा अनुभव असा की काय करायचं हे माहीत झालं की भीती बरीच कमी होते. आणि उंदराचं औषध ठेवू नका. ते खाऊन अर्धमेला झालेला उंदीर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही मरतं. पिंजरा लावा.

जाळीबद्दल मला मनापासून सांगायचंय. माझ्या स्वतःच्या चिकूवर मी पक्ष्यांसाठी नायलॉनची जाळी टाकली होती, तिचं एक टोक जमिनीला लोळत होतं. पावसाळ्यात एका सकाळी तिथे सहा फुटी धामण अडकलेली. पुढे गेली की खवल्यांत धागे अजून रुतायचे, मागे जाता येत नव्हतं. सर्पमित्राने तिचं डोकं धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीने एक एक धागा कापत अर्धा-पाऊण तास बसलो, मानेजवळ कातडी सोललेली, ती जगली, पण त्या आधी एक मेलेली सापडली होती तेव्हा मला ते जाळीमुळे झालंय हेच कळलं नव्हतं. त्या दिवशी जाळी काढली. फळं वाचवायची तर एकेका घडाला कापडी पिशवी बांधा, जाळी लावायचीच असेल तर ज्यातून करंगळी जाणार नाही अशी, ताणून बसवलेली आणि जमिनीपासून दीड-दोन फूट वर. आणि काही फळं त्यांच्यासाठी सोडा, वरच्या फांद्यांपर्यंत तसेही आपण पोचत नाही.

पाण्याचं सोपं आहे पण नेमाने करायला लागतं. मातीचं पसरट भांडं, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, मधे एक दगड म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडणार नाहीत. झुडपाच्या जवळ ठेवा पण अगदी खेटून नको, मांजर दबा धरून बसतं. दर दोन-तीन दिवसांनी घासून पाणी बदला, डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा एवढं केलं तर डेंग्यूची भीती नाही. छोटं डबकं करणार असाल तर एक बाजू उतरती ठेवा, वेखंड लावा, चतुर आणि बेडूक आपणहून येतात आणि डासांच्या अळ्या तेच खातात. त्यात मी गप्पी मासे सोडत नाही, ते बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात. आणि जमिनीलगतचा पाण्याचा हौद असेल तर त्यात एक खडबडीत फळी तिरकी टाकून ठेवा, बेडूक, खार, सापसुरळी पडतात आणि गुळगुळीत सिमेंटवर चढता येत नाही म्हणून बुडून मरतात. हे काम आजच करा, पाच मिनिटांचं आहे.

रात्रीचे पांढरे मोठे लाइट पण कमी करा. मे अखेरीला पहिल्या सरींच्या आसपास तुमच्याकडे काजवे असतील, नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, फ्लडलाइटमध्ये कसे शोधणार. काजव्यांच्या अळ्या ओल्या पाल्यात गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून पाला जाळायचा नाही आणि गोगलगायींसाठी त्या विषारी गोळ्या टाकायच्या नाहीत. आफ्रिकन गोगलगायी फार झाल्या तर संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या असतील त्या हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. भारद्वाज स्थिरावला की तोही खातो.

तर या आठवड्यात फक्त कढीपत्त्याचं काम करा. झाडाच्या आजूबाजूला चार-पाच वाळक्या काटक्या उभ्या रोवून ठेवा, कारण पोट भरलेली अळी झाड सोडून चालायला लागते आणि कोषासाठी जागा शोधते, एक दिवस अळ्या गायब दिसल्या तर घाबरू नका. काटकीला शेपटीकडून चिकटलेला आणि पाठीमागून एकाच धाग्याने बांधलेला कोष दिसेल, हिरवा नाहीतर तपकिरी, जशी जागा तसा. त्याला हलवू नका. आठ-दहा दिवसांनी तो काळसर पडेल आणि आतून पंखांची नक्षी दिसायला लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मुलीला उठवा, बहुतेक सकाळीच बाहेर येतं, आणि पंख वाळून उडायला तासभर तरी घेतं, तेवढा वेळ ते तिच्या समोरच असेल.